कान तपासायला शिकवताना आधी मोठी माणसं की आधी लहान मुलं?

सारंगी_म
नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा धागा काढायचा मनात होतं. मी ऑडिओलॉजीच्या (ऐकू येणं तपासायचं शास्त्र) पीजीच्या मुलांना क्लिनिकमध्ये शिकवते, म्हणजे वर्गात लेक्चर देणारे वेगळे, मी टेस्टच्या आवाजबंद बूथच्या बाहेर त्यांच्या पाठीशी उभी राहणारी. दरवर्षी आमच्यात एकच वाद होतो, मुलांच्या हाती आधी मोठी माणसं द्यायची आणि सहाआठ महिन्यांनी लहान मुलं, की पहिल्यापासून दोन्ही. आत्तापर्यंत आधी मोठी माणसं असंच चालत आलंय. कारण उघड आहे, मोठा माणूस एका जागी बसतो, सांगितलं की बटण दाबतो आणि आपलं काही चुकलं तर परत विचारता येतं.

पण मला हल्ली वाटायला लागलंय की याच क्रमामुळे एक वाईट सवय लागते आणि मग ती सुटत नाही. परवाचीच गोष्ट. एक विद्यार्थिनी, अभ्यासात एकदम पक्की, एका आजोबांची प्युअर टोन टेस्ट घेत होती, म्हणजे हेडफोनमधून एकेक सूर देऊन तो किती बारीक ऐकू येतो ते बघणं. तिची नजर पूर्ण वेळ ऑडिओमीटरवरच्या दिव्यावर, बटण दाबलं की तो लागतो ना, तिथे. टोन देताना तिचा उजवा खांदा किंचित पुढे जायचा आणि आजोबा काचेतून तो खांदा बघून बटण दाबायचे. फसवायचं त्यांच्या मनातही नव्हतं, त्यांना वाटलं असंच करायचं असतं. ऑडिओग्राम, म्हणजे या टेस्टचा आलेख, आला बऱ्यापैकी नॉर्मल. आणि बाहेर आल्यावर मी विचारलेलं साधं वाक्य त्यांना तीनदा सांगावं लागलं. तिला यात काही खटकलंच नाही, कारण कागदावर सगळे गोल आणि फुल्या, म्हणजे उजव्या आणि डाव्या कानाच्या खुणा, जागच्या जागी होत्या.

तर तुमच्याकडे कसं शिकवतात, तुम्ही स्वतः कसे शिकलात, आणि विद्यार्थी चुकतोय हे दिसत असताना मागे उभ्या असलेल्या माणसाने किती वेळ गप्प बसायचं? सविस्तर लिहा. जे या क्षेत्रात नाहीत पण कधी कान तपासून घ्यायला बसलेत त्यांनी तर नक्की लिहा.

जुनाजाणता
आधी मोठी माणसं. यात मला तरी शंका नाही. ३४ वर्षं हेच केलंय. थ्रेशोल्ड शोधणं हे व्याकरण आहे, ते हाताला बसल्याशिवाय लहान मुलासमोर बसवलं तर विद्यार्थी दोन्हीकडून बुडतो, मूलही हातचं जातं आणि टोनही. खांद्याचं म्हणशील तर तो बसवण्याचा दोष आहे गं. पेशंटला काटकोनात बसवायचं, म्हणजे आपल्याला त्याचा चेहरा दिसतो आणि त्याला आपले हात दिसत नाहीत. पहिल्या दिवशी शिकवायची गोष्ट आहे ही.

मुक्तछंद
मी बाहेरचा माणूस, पण धागा इंटरेस्टिंग वाटला म्हणून विचारतो. थ्रेशोल्ड शोधणं यात इतकं काय असतं? मी एकदा टेस्ट केली होती, टीं टीं आवाज येतात, आला की दाबायचं, दहा मिनिटांत झालं.

जुनाजाणता
@मुक्तछंद, चांगला प्रश्न आहे. माणसाला जो बारीकात बारीक आवाज निम्म्या वेळा तरी ऐकू येतो, तो त्याचा थ्रेशोल्ड. तो गाठायची एक ठरलेली चाल आहे, ऐकू आला की १० डेसिबल खाली, नाही आला की ५ वर, आणि वर चढतानाच्या प्रतिसादावरूनच ठरवायचं, उतरतानाच्या नाही. कारहार्ट आणि जर्गर यांनी १९५९ मध्ये ही पद्धत नीट मांडली आणि जगभर अजून तीच वापरतात. सुरुवात चांगल्या कानापासून, १००० हर्ट्झपासून करायची, मग २०००, ४०००, ८०००, परत एकदा १०००, आणि मग ५०० आणि २५०. तो मधला परत घेतलेला १००० म्हणजे स्वतःवर ठेवलेला पहारा. पहिल्या आणि दुसऱ्या वेळेत ५ पेक्षा जास्त फरक पडला तर कुठेतरी गडबड आहे, एकतर पेशंटला खेळ आत्ता कळला किंवा तुम्ही घाई केलीत. विद्यार्थी नेमका तोच गाळतात, वेळ वाचवायला.

पहाटवारा
मी सध्या दुसऱ्या वर्षाला आहे म्हणून विद्यार्थ्यांच्या बाजूने लिहिते. सारंगीताई, त्या मुलीच्या जागी मी असते तर मीही दिव्याकडेच बघितलं असतं, कारण सुरुवातीला एवढ्या गोष्टी एकदम डोक्यात असतात की कुठला कान, कुठली फ्रिक्वेन्सी, वर जायचं की खाली, नोंद केली का, मास्किंग (दुसऱ्या कानात आवाज सोडून त्याला गुंतवून ठेवणं) लागेल का, आणि मागे सुपरव्हायझर उभे. त्यात समोर माणूस आहे हे खरंच विसरायला होतं. मला कोणी ओरडून नाही शिकवलं तेव्हा शिकले मी. आमच्या एका मॅडमनी पहिल्या आठवड्यात आम्हाला टेस्ट घेऊच दिली नाही, आम्हालाच बूथमध्ये बसवलं, दोन्ही कानांत फोमचे प्लग घालून, आणि एकमेकींना टेस्ट घ्यायला लावली. दार बंद झाल्यावर ती शांतता इतकी अंगावर येते की स्वतःच्या नाडीचा आवाज ऐकू येतो आणि मग टोन आला की आपला भास हेच कळत नाही. बोट बटणावर अर्धवट दाबलेलं राहतं. दाबलं आणि आवाज नसला तर चूक ठरेल अशी भीती वाटते, परीक्षेसारखी. त्यानंतर मी कुठल्याही पेशंटला "चुकलं तरी चालेल, शंका आली तरी दाबा" हे सांगितल्याशिवाय दार बंद केलेलं नाही.

सारंगी_म
@पहाटवारा, किती छान लिहिलंस. प्लगचं मी उद्यापासून सुरू करते.
@काका, काटकोनाचं मान्य, ती माझीच चूक, खुर्ची कोणीतरी हलवली होती आणि मी तपासलं नव्हतं. पण खुर्ची फिरवून माझा प्रश्न सुटत नाही. बाहेर आल्यावर आजोबांना ऐकू येत नाहीये आणि कागद नॉर्मल आहे, हे तिला का टोचलं नाही?

स्वरूपा_के
कारण तिने अजून मुलं तपासलेली नाहीत, म्हणून नाही टोचलं. मी गेली अनेक वर्षं फक्त लहान मुलांचं बघते आणि माझं मत काकांच्या बरोब्बर उलट आहे. मोठ्या माणसात बटण तुमच्यासाठी काम करतं. आठ महिन्यांच्या बाळाला बटण नसतं. तिथे प्रतिसाद तुम्हाला शोधायला लागतो, डोळे क्षणभर थांबले का, तोंड हलायचं थांबलं का, मान वळली ती आवाजाकडे की आईच्या हातातल्या खेळण्याकडे. आधी हे शिकलेली मुलगी नंतर आजोबांसमोर बसली तर तिला दिसणारच की आजोबा खांद्याकडे बघतायत.

साधारण ६ महिन्यांपासून दोन अडीच वर्षांपर्यंत आम्ही व्हीआरए करतो. स्पीकरमधून आवाज द्यायचा, बाळाने मान वळवली की बाजूच्या काळ्या काचेमागचं खेळणं उजळून नाचतं, ते बक्षीस. माणसं दोन लागतात, एक मशीनवर आणि एक बाळासमोर. मी नव्या मुलीला आधी तीन आठवडे फक्त बाळासमोर बसवते. तिने करायचं एकच, बाळाचं लक्ष मधोमध ठेवायचं, पण इतकं नाही रमवायचं की ते आवाजाकडे वळणारच नाही. हातातलं खेळणं जरा कंटाळवाणं हवं. हे जमायला मास्किंगपेक्षा जास्त दिवस लागतात, माझ्यावर विश्वास ठेवा. आणि मधे मधे आवाज न देता नुसतं थांबून बघायचं, बाळ तरीही वळतंय का. आवाज नसताना बऱ्याचदा वळत असेल तर ते ऐकून वळत नाहीये, त्याला खेळणं बघायचंय. मग आलेल्या आकड्यांना काही अर्थ नाही. ही रिकामी फेरी मोठ्या माणसातही करता येते, पण किती जण करतात? त्या आजोबांना दोनदा नुसता खांदा हलवून टोन न देता बघितलं असतं तर तिथेच कळलं असतं.

जुनाजाणता
रिकाम्या फेरीचा मुद्दा बिनतोड आहे. पण तीन आठवडे नुसतं खेळणं हलवत बसणाऱ्या मुलीला मास्किंग कधी येणार?

टिंपॅनम
मी ईएनटी. आम्ही तुमचे कागद वाचून ऑपरेशन ठरवतो म्हणून मास्किंगवर दोन शब्द. माझ्याकडे एक तरुण मुलगा आला होता, डाव्या कानाला मध्यम तोटा, ५५ ६० डेसिबलच्या आसपास सरळ रेषा, पण कानामागच्या हाडावरून तपासलेली रेघ बऱ्यापैकी चांगली, म्हणजे कागदावर मधल्या कानाचा आजार. पडदा बघितला तर चकचकीत, टिंपॅनोमेट्री (पडदा किती हलतो ते मोजायची टेस्ट) नॉर्मल. लहानपणी गालगुंड झालं होतं का विचारलं तर हो म्हणाला. मास्किंग करून परत तपासायला पाठवला तर डावा कान पूर्ण गेलेला. आधी ज्याने तपासलं त्याने उजव्या कानात मास्किंगचा आवाज सोडलाच नव्हता, त्यामुळे डावीकडचे टोन कवटीतून पलीकडे जाऊन उजवा कान ऐकत होता. त्या पहिल्या कागदावर विसंबून कोणी मधला कान उघडला असता तर? मला विद्यार्थ्यांकडून एवढंच हवंय की पडदा, टिंप आणि ऑडिओग्राम हे तिघं वेगवेगळं बोलत असतील तर माझ्याकडे पाठवायच्या आधी थांबा.

सारंगी_म
डॉक्टर, हेच. सावलीचा ऑडिओग्राम म्हणतो आम्ही त्याला. साध्या हेडफोनने साधारण ४० डेसिबलच्या फरकालाच आवाज पलीकडे जाऊ शकतो, कानात घालायच्या इन्सर्टने जरा उशिरा जातो, आणि हाडावर ठेवलेल्या व्हायब्रेटरचा तर जवळपास लगेच, शून्यच धरायचं. ही तिन्ही वाक्यं मुलं परीक्षेत अचूक लिहितात. पण पेशंट "डाव्या कानात आवाज आला तरी मला तो उजवीकडे वाटतोय" असं स्वतःहून सांगतो आणि विद्यार्थी म्हणतो, "तुम्ही फक्त बटण दाबा." हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

दशांश
मी ही यंत्रं कॅलिब्रेट करतो, माणसांशी माझा संबंध कमी, पण एक गोष्ट सांगतो. वर्षातून एकदा आम्ही येऊन मापून जातो, मधले दिवस मशीन तुमच्या हवाली. अनेक ठिकाणी मी जातो तेव्हा हेडफोनची वायर हलवली की आवाज तुटत असतो आणि कोणालाच माहीत नसतं, म्हणजे महिनोनमहिने काही पेशंटना त्या कानाने कमी ऐकू येतंय असं लिहून गेलेलं असणार. एकदा तर लाल आणि निळा हेडफोन अदलाबदल झालेले होते, लाल म्हणजे उजवा, ते कोणीतरी दुरुस्तीनंतर उलटे जोडले होते. रोज सकाळी एका विद्यार्थ्याने हेडफोन लावून, स्वतःचे माहीत असलेले थ्रेशोल्ड तपासून, वायर वाकवून ऐकायचं, पाच मिनिटांचं काम आहे. ज्याचे कान चांगले आहेत त्यालाच हे काम द्या, आणि ते रोज त्याच माणसाने केलं तर बदल पटकन कळतो.

एककानी
मोठी माणसं सोपी असं वर दोनतीनदा आलंय म्हणून लिहितोय. मी मोठा माणूस आहे, दोन्ही कानांना यंत्रं लावतो, आणि गेल्या बारा वर्षांत विद्यार्थ्यांनी माझी टेस्ट किती वेळा घेतली ते मोजलेलं नाही. नेहमी होणारी गोष्ट अशी. मी खुर्चीत बसतो, विद्यार्थी माझी यंत्रं काढून बाजूला ठेवतो, आणि मग मला सूचना द्यायला सुरुवात करतो. मला काही ऐकू येत नाही. मी मान हलवतो कारण बाहेर रांग आहे. तो जातो, दार लागतं, आणि मी अंदाजाने बटण दाबायला लागतो. कधी कळतं की आवाज ऐकू आला की दाबायचं, कधी वाटतं नीट स्पष्ट आला की दाबायचं, आणि मी स्पष्ट येईपर्यंत थांबतो म्हणजे माझा तोटा कागदावर आणखी १० ने वाढतो.

दुसरं म्हणजे निकाल. माझ्या बायकोला सांगतात. मी शेजारी बसलेलो असतो. बोलताना ते कागदाकडे बघत असतात म्हणून मला ओठ दिसत नाहीत. एकदा फक्त एका मुलीने खुर्ची माझ्यासमोर ओढली, यंत्रं माझ्या हातात दिली, मी लावेपर्यंत थांबली आणि मग म्हणाली, "आता बोलूया." मी घरी येईपर्यंत तेच आठवत होतो.

पहाटवारा
@एककानी काका, हे आम्हाला कुठल्याच चेकलिस्टमध्ये नाहीये की सूचना यंत्रं काढायच्या आधी द्यायच्या. मी उद्या आमच्या बूथच्या दारावर चिकटवते.

सारंगी_म
मीसुद्धा. आणि काका, मला मान्य करायला हवं की हे माझ्या डोळ्यांदेखत झालं असणार आणि मी तेव्हा विद्यार्थ्याच्या हाताकडे बघत असणार, बरोबर डायल फिरवतोय का ते.

अंगणातली_चिमणी
लिहू की नको असं तीनदा झालं. माझ्या मुलाला जन्मापासून ऐकू कमी येतं. तो दहा महिन्यांचा असताना एका शिकवणाऱ्या रुग्णालयात आमचे चार फेरे झाले. प्रत्येक वेळी वेगळी मुलं होती आणि ती शिकत होती, हे मला मागाहून कळलं, तेव्हा कोणी सांगितलं नाही. पहिल्यांदा तो झोपला होता तर डोक्याला तारा चिकटवताना घासून घासून त्याला जागं केलं आणि टेस्ट राहिली. दुसऱ्यांदा अर्धी झाली. तिसऱ्यांदा व्हीआरए, त्यात मी मांडीवर घेऊन बसलेले, आवाज आला की मलाच इतकी धडधड व्हायची की मी नकळत त्याला घट्ट धरायचे, आणि तो वळायचा. रिपोर्ट आला ठीक ऐकू येतंय असा. मी तो रिपोर्ट घेऊन घरी येऊन रडले, आनंदाने. आणि दोन महिन्यांनी चौथ्या फेरीत एका वयस्कर बाईंनी माझ्या कानांवर हेडफोन घालून त्यात गाणी लावली, म्हणजे मला टेस्टचे आवाज येणार नाहीत, आणि मग तपासलं. तो वळलाच नाही.

तुम्ही सगळे चांगले लोक आहात हे वाचून कळतंय. पण आधी मोठे की आधी छोटे हा वाद तुम्ही विद्यार्थ्यांच्या शिकण्यासाठी घालताय. माझ्या मुलाचे ते महिने कोणाच्या शिकण्यात गेले ते मला माहितीये. ते परत येत नाहीत.

सारंगी_म
ताई, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल आभार मानणंही थिटं वाटतंय. काल रात्री वाचलं आणि उत्तर द्यायला आज दुपार झाली. तुमचं म्हणणं खरं आहे. जन्मल्यावर महिन्याच्या आत चाळणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू, हे १-३-६ आम्ही फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहितो ते याच कारणासाठी, की मेंदू भाषा ज्या वेगाने पहिल्या महिन्यांत गोळा करतो तसा नंतर करत नाही. आणि मग त्याच तीन महिन्यांत आम्ही नवख्या हातांना सराव करू देतो. धाग्याचा प्रश्नच मी चुकीचा विचारला की काय असं वाटायला लागलंय.

स्वरूपा_के
ताई, तुम्ही सांगितलेल्या दोन्ही चुका विद्यार्थ्याच्या नाहीत, शिकवणाऱ्याच्या आहेत. आईला हेडफोन घालून मास्क करणं हे व्हीआरएच्या पहिल्या पानावर असतं. मी माझं वरचं वाक्य थोडं बदलते. विद्यार्थी लहान मुलांबरोबर पहिल्या दिवसापासून असावा, पण निर्णय त्याच्या हातात नसावा. बाळासमोर बसणं वेगळं आणि थ्रेशोल्ड लिहिणं वेगळं.

आणि झोपलेल्या बाळाचा बेरा, म्हणजे डोक्याला तारा लावून आवाजाला नस काय प्रतिसाद देते ते मोजणं, ही शिकायची जागाच नाही. बाळ चाळीस मिनिटं झोपणार, त्यातलं प्रत्येक मिनिट मोजून वापरायचं. त्वचा साफ करून इलेक्ट्रोड लावणं हे विद्यार्थ्याने आधी एकमेकांच्या कपाळावर पन्नास वेळा करावं, इम्पीडन्स (त्वचेचा विजेला होणारा अडथळा) कमी येईपर्यंत. आणि शक्यतो बाळ जागं असतानाच इलेक्ट्रोड लावून घ्यावेत, झोप लागल्यावर नाही.

टिंपॅनम
बेराबद्दल एक भर. कावीळ जास्त झालेल्या किंवा एनआयसीयूमध्ये राहिलेल्या बाळांत नुसतं ओएई करून पास म्हणू नका, हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसवा. ओएई म्हणजे आतल्या कानातल्या बाहेरच्या केसपेशींचा प्रतिध्वनी, केम्पने १९७८ मध्ये दाखवला तो. केसपेशी ठीक आणि पुढे नसेचा ताळमेळ बिघडलेला असेल तर ओएई झकास येतो आणि बेरा कोरा. ऑडिटरी न्यूरोपथी. अशा बाळाला पास देऊन घरी पाठवलेलं मी बघितलंय.

जुनाजाणता
यालाच आम्ही उलटतपासणी म्हणतो. जर्गर आणि हेज यांनी १९७६ मध्ये मांडलं की मुलाच्या बाबतीत एका टेस्टचा निकाल दुसऱ्या स्वतंत्र टेस्टने पडताळल्याशिवाय खरा धरू नये. तेव्हा आम्ही तरुण होतो आणि आम्हाला ते जरा अति वाटलं होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला नेहमीच्या २२६ हर्ट्झने टिंप घेतली तर कानात पाणी असूनही आलेखात नॉर्मलसारखा सुंदर डोंगर येऊ शकतो, तिथे १००० हर्ट्झचाच प्रोब हवा, हे मी सुरुवातीला कित्येक वर्षं केलं नव्हतं. माझ्या हातून किती बाळांचं पाणी सुटलं असेल. चिमणीताई, तुमची पोस्ट वाचून तेच आठवत बसलो.

मुक्तछंद
मी पहिल्या पानावर दहा मिनिटांत झालं असं लिहिलं होतं ते परत वाचून अंगावर आलं. एक विचारू का, दोन अडीच वर्षांच्या पुढच्या मुलांचं काय? ती तर बोलतात.

पहाटवारा
@मुक्तछंद, तिथे खेळ असतो. मुलाच्या हातात एक रिंग द्यायची, ती त्याने गालाजवळ धरायची आणि आवाज ऐकू आला की खांबात टाकायची. टोन कमी कमी करत जायचा. मूल कधी कंटाळेल त्याचा नेम नाही म्हणून महत्त्वाचं आधी, दोन्ही कानांचे २००० आणि ५०० मिळाले की मग बाकीचे, एक कान पूर्ण करून दुसरा घेऊ असं म्हणालात की दुसऱ्या कानाच्या वेळी रिंगा जमिनीवर असतात. माझ्याकडची एक चार वर्षांची मुलगी मधेच रिंग धरून थांबली, मी म्हटलं काय झालं, तर म्हणाली, "आवाज आता खूप लांब गेलाय, येईल तेव्हा टाकते." इतका अचूक थ्रेशोल्ड मला कुठल्याच मोठ्या माणसाने दिलेला नाही.

दशांश
वा! हे वाक्य आमच्या लॅबमध्ये लावायला हवं.

स्वरूपा_के
आणि थोड्या मोठ्या मुलांचा एक प्रकार राहिला, आठ ते बारा वयातली काही मुलं ज्यांचा ऑडिओग्राम वाईट येतो पण तुमच्याशी हळू आवाजात छान गप्पा मारतात. शब्दांच्या टेस्टचा आकडा आणि टोनचा आकडा एकमेकांना धरून नसतात, साधारण १० डेसिबलपेक्षा जास्त फरक दिसला की जागं व्हायचं. विद्यार्थी इथे हमखास म्हणतो, "मॅडम, नाटक करतोय." मी ते वाक्य बोलूच देत नाही. मी त्या मुलाला सांगते की मघाशी मशीन जरा बिघडलं होतं बहुतेक, परत करूया, आणि बहुतेक वेळा दुसऱ्यांदा आकडे बरोबर येतात, त्याला मागे फिरायला वाट मिळाली की तो फिरतो. मग शाळेचं, घरचं काय चाललंय ते हळूच विचारायचं. माझ्याकडच्या एका मुलाला वर्गात मागच्या बाकावरची मुलं मारत होती आणि ऐकू येत नाही म्हटलं की पुढे बसवतील एवढीच त्याची युक्ती होती.

एककानी
हे वाचून बरं वाटलं. मोठ्यांनाही अशी वाट द्यायला शिकवा. मलाही कधी कधी टेस्टला जाताना वाटतं की आणखी कमी निघाला तर काय, आणि मग मी जास्त वेळा दाबतो.

सारंगी_म
चार दिवसांनी परत आले. मूळ प्रश्नावर येते. काका, स्वरूपा, तुमच्या दोघांचं ऐकून आम्ही असं ठरवलंय. पहिला महिना कोणीही कोणाला तपासणार नाही, प्लग घालून खुर्चीत बसणं, रोज सकाळी मशीन ऐकणं, मास्किंग कॉम्प्युटरवरच्या खोट्या पेशंटवर, कारण तिथे कान बदलता येतात आणि कोणाचं नुकसान होत नाही. त्याच महिन्यात आठवड्यातून दोन सकाळ बाळासमोर बसणं, फक्त बघणं आणि लिहून काढणं की काय दिसलं. आकडे लिहायचे नाहीत. मग मोठी माणसं स्वतःच्या हाताने. बाळांचा निर्णय दुसऱ्या वर्षी, आणि तोही मी शेजारी असताना.

गप्प किती बसायचं याचंही ठरवलं. मोठ्या माणसात पूर्ण एक कान होईपर्यंत मी काही बोलणार नाही, मग थांबवून विद्यार्थ्यालाच विचारणार की तुला हा कागद खरा वाटतो का आणि का. बाळ असेल तर गप्प बसायचं नाही. दहा मिनिटांत जमलं नाही तर मी हात घालणार, आणि हे आईवडिलांना आत येतानाच सांगणार, की ही मुलगी शिकतेय, मी इथेच आहे, तुम्हाला नको असेल तर आत्ता सांगा.

ती आजोबांवाली मुलगी काल माझ्याकडे आली होती. तिने स्वतःच फोन करून आजोबांना परत बोलावून घेतलं. चार हजार हर्ट्झला ६० डेसिबल आलं.

जुनाजाणता
पहिला महिना कोणीच तपासणार नाही, हे माझ्या काळात ऐकून घेतलं नसतं कोणी. पण करून बघ. वर्षअखेर कळव मला, माझं मत बदललं तर इथेच येऊन लिहीन. आणि त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांग, पेशंटला परत बोलावणं सोपं नसतं.

टिंपॅनम
६०! आणि पहिला कागद नॉर्मल. कठीण आहे.

सारंगी_म
एक शेवटची विनंती आहे आणि ती चिमणीताईंना. पुढच्या महिन्यात नवी बॅच येतेय, साधारण वीस जण. पहिल्या आठवड्यात मशीनला हात लावायच्या आधी तुम्ही त्यांच्याशी व्हिडिओ कॉलवर अर्धा तास बोलाल का? त्या चार फेऱ्यांबद्दल, जसं इथे लिहिलंत तसंच. नाही म्हणालात तरी मी समजू शकते. एककानी काका, तुम्हालाही हीच विनंती.

एककानी
मी तयार आहे. यंत्रं घालूनच बोलेन.

अंगणातली_चिमणी
येईन. मुलगा आता नऊ वर्षांचा आहे, यंत्रं लावून नेहमीच्या शाळेत जातो, त्यालाही विचारलं तर तो म्हणाला मीच सांगतो, तुला नीट सांगता येत नाही. फक्त एक करा. त्या वीसही जणांनी कॅमेरा चालू ठेवायचा आणि बोलताना तोंडावर हात ठेवायचा नाही. त्याला ओठ दिसायला हवेत.